झोळीचा घोडा

सत्यवतीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पाइपात मुठीपर्यंत घुसला आणि ती दचकून मागे सरकली. जोर लावलेला नव्हता. दिवाळी आटोपली की दरवर्षी करायची तसा पायाच्या बुडाशी फुगलेला रंग खरवडायला तिने नुसतं टोक टेकवलं होतं. आधी गंज काढायचा, मग काचपेपर, मग रेड ऑक्साइड, मग वरून हिरवा ऑइलपेंट. रंगाखाली लोखंड असणारच, असं धरून ती चालली होती. तिथे लोखंड नव्हतं. तांबडी भुकटी होती आणि तिच्यावर हिरव्या रंगाचं सालपट तेवढं उभं होतं.

वर झोळीत साईराज झोपला होता.

साईराज तिचा धाकटा. सव्वीस वर्षांचा, अंगाने बापासारखा धिप्पाड आणि समजेने तीन-चार वर्षांच्या पोराएवढा. तान्हा असताना तो झोळीशिवाय झोपत नसे. मोठा झाला, पण ती सवय काही मोठी झाली नाही. साडीची झोळी गेली, चादरीची आली, ती फाटल्यावर जाड कॅनव्हासची. ती टांगायला त्याच्या बापाने, हरिश्चंद्रने, परसात लोखंडी पाइपांचा भक्कम स्टँड करून घेतला होता. दोन्ही बाजूंना कैचीसारखे दोन-दोन पाय, वर आडवी दांडी आणि चारही पाय काँक्रीटमध्ये गाडलेले. घरात सगळे त्याला घोडा म्हणत. हरिश्चंद्र जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्यामागेही घोड्याला रंग द्यायचं काम सत्यवतीने एकदाही चुकवलं नव्हतं.

ती वर बघत राहिली. झोळी मंद हलत होती आणि प्रत्येक हेलकाव्याला पायाच्या बुडातून करकर असा बारीक आवाज येत होता. हा आवाज आधीही येत असणार, आपल्याच लक्षात आला नाही, असं तिला वाटलं.

साईराजला मधेच उठवणं म्हणजे दिवसाची वाट लावणं. झोपमोड झाली की तो भिंतीवर डोकं आपटून घेई आणि मग त्याला आवरणं तिच्या एकटीच्या हातातलं नव्हतं. हाक मारावी तर शेजारी कुणी नव्हतं. पलीकडचं घर तिच्या जावेचं, पुष्पलताचं. ते गेल्या वर्षी बिल्डरला दिलं होतं आणि आता तिथे निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं. सत्यवतीने पदर खोचला, कुजलेल्या पायाला पाठ लावली, समोरच्या तुळशीच्या कट्ट्याला दोन्ही पाय रेटले आणि कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला.

"ये. घोडा गेला," ती लेकीला हळूच म्हणाली.

नेत्राने काय, कसं, काही विचारलं नाही. त्याच घरात वाढलेली मुलगी ती. मीरा रोडला एका दाताच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची. तिथून रजा टाकून, रिक्षा पकडून ती मोरव्याला माहेरी पोचली तेव्हा आई तशीच बसलेली होती. साठी उलटलेली बाई, घामाने डबडबलेली, पाठीवर अख्खा घोडा तोलून धरल्यासारखी.

"आई! हे काय..."

"बोलू नको. तो पाय धर."

नेत्राने चपला काढल्या आणि दुसऱ्या पायाला पाठ लावून ती बसली. मायलेकी दोन टोकांना, मधे झोळी. बऱ्याच वेळाने साईराजने डोळे उघडले. बहीण दिसल्यावर तो "ताय" म्हणाला आणि हसत, आपल्या सवडीने, खाली उतरला. त्याला पायरीवर बसवून नेत्राने पायाला नुसता तळवा लावला. घोडा एका बाजूला कलला आणि तसाच तिरका अडकून राहिला.

सत्यवती बघत होती. तिला रडू आलं, पण साईराजसमोर ती कधी रडत नसे.

"दुसरा करायला पाहिजे," ती म्हणाली. "उद्याच."

विकीचं फॅब्रिकेशनचं दुकान भाईंदर पश्चिमेला होतं. खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर, मंडपाचे सांगाडे असलं सगळं तिथे रस्त्यापर्यंत आलेलं असे. विकी तिशीचा, दोन मोबाइलवर एकाच वेळी बोलू शकणारा. दुसऱ्या दिवशी त्याने मायलेकींना आणि साईराजला खुर्च्या दिल्या आणि आत बोट दाखवलं.

"मावशी, रेडीमेड हाय ना. ये देखो. अंड्यासारखी खुर्ची. टॉवरवाले सगळे हेच नेतात."

नेत्राने रात्रीतून मोबाइलवर असले बरेच झुले बघून ठेवले होते. घडी होणारे, रंगीत दोऱ्यांचे, दीडशे किलो वजन पेलतं असं खाली लिहिलेले. ती आईला काही सांगणार तोवर साईराज उठला, सरळ त्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने त्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट केली. पाय जमिनीला रेटून अंग मागे टाकलं. दुसऱ्या हेलकाव्याला स्टँडची पुढची बाजू उचलली गेली. विकीने फोन टाकून झेप घेतली म्हणून बरं.

"अरे बाप रे! ये बाल्कनी का माल है भाई," तो म्हणाला. मग त्याने साईराजकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "मावशी, याच्यासाठी हाय का?"

"त्याच्याचसाठी," सत्यवती म्हणाली. "झोली टांगायची. दिवसातून चार येला तो झुलतो. जोरान झुलतो."

मग विकी खरोखर कामाला लागला. पातळ पाइप त्याने पायानेच बाजूला सारला आणि जाड पत्र्याचा काढून तिच्या हातात दिला. सत्यवतीने तो दोन्ही हातांनी तोलून बघितला, पाइपाच्या तोंडाशी कड किती जाड आहे ते अंगठ्याने चाचपलं. हूक नको, हूक दांडीला घासत जातो आणि एक दिवस कापला जातो. वर बेअरिंग टाकू, तो म्हणाला. पाय जेवढे फाकवू तेवढा घोडा पक्का. झोळी ज्या बाजूला झुलते त्याच बाजूला पाय लांब हवेत, नाहीतर कितीही जाड पाइप घ्या, उपयोग नाही. हे सगळं सत्यवतीला पटत गेलं. तिला हा पोरगा आवडला.

"आता बोला, गाडायचा की मोकळा?"

"गाडायचा," सत्यवती म्हणाली.

"मोकळा," नेत्रा त्याच वेळी म्हणाली.

विकीने दोघींकडे बघितलं आणि शहाणपणाने फोन उचलला.

"मोकळा करूया ना आई," नेत्रा म्हणाली. "नटबोल्टवर. तळाला रुंद चौकट. हे म्हणतात ना, तसाही उभा राहतो."

"बाबांनी गाडलेला."

"म्हणूनच कुजला."

"कुजला तो उमर झाली म्हनून. मोकला कशाला पायजे?"

"उद्या हलवायची वेळ आली तर..."

"कुठं हलवायचा?"

नेत्रा साईराजची वळलेली कॉलर सरळ करत राहिली. तिला बोलायचं होतं हे दिसत होतं, आणि ती बोलणार नाही हेही दिसत होतं. सत्यवतीच्या डोळ्यांपुढे पलीकडचे निळे पत्रे आले. बिल्डरचा माणूस तिच्याही दारात येऊन गेला होता. परस आणि घर मिळून दोन फ्लॅट देतो म्हणाला होता. पोराची सोय चांगल्या ठिकाणी करून देऊ, असंही जाताजाता म्हणाला होता. ती चांगली ठिकाणं सत्यवतीला ठाऊक होती. एक तिने हरिश्चंद्रबरोबर जाऊन पाहिलं होतं. तिथली पोरं कॉटवर गप्प बसलेली होती, एकही हलत नव्हतं. परत येताना नवरा-बायको एक शब्द बोलली नाहीत, आणि त्याच आठवड्यात हरिश्चंद्रने घोड्याचे पाय गाडले होते.

"तुना पन परस मोकला पायजे, न्हाय का?" ती म्हणाली.

नेत्राचा चेहरा थोबाडीत बसावी तसा झाला. ती उठली, साईराजचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली आणि रस्त्यावरची वाहनं दाखवत उभी राहिली. सत्यवतीला वाटलं, आपण बोललो ते बरोबर बोललो. लगेच वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. दोन्ही गोष्टी तिला एकदमच वाटत होत्या.

"गाडायचाच," ती विकीला म्हणाली.

"चालेल ना मावशी, काय प्रॉब्लेम न्हाय." तो मापं लिहून घेऊ लागला. "पर आपल्याकडची हवा खारी. गाडलेला आठ-दहा वर्षं जाईल. मोकळा ठेवला, रंग मारत राहिलात, तर तुमच्या नातवंडांपर्यंत टिकतो."

हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असणार. सत्यवतीने मान डोलावली, पण घरी पोचेपर्यंत ते तिच्या कानातून गेलं नाही.

घोडा तयार व्हायला आठवडा लागणार होता. तो आठवडा वाईट गेला. स्लॅबला हूक मारून झोळी टांगावी तर घराच्या स्लॅबचं प्लॅस्टर पडून सळया उघड्या झालेल्या. जमिनीवर गादी घातली, तिच्यावर साईराज टेकेना. तो परसात जाई, कललेल्या घोड्याशेजारी उभा राही आणि नुसताच मागे-पुढे डुलत राही, पाय सुजेपर्यंत. "आये, झोली," असं तो दिवसभर म्हणे. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. आई विसरली असेल, तिला आठवण करून द्यावी, तसा.

नेत्रा रोज संध्याकाळी कामावरून थेट येत होती. साईराजच्या पायांना तेल लावत होती, त्याला भरवत होती आणि आईशी कामापुरतं बोलत होती. दुकानातल्या त्या वाक्याबद्दल दोघींनी चकार शब्द काढला नाही. सत्यवतीला ते सोपंच गेलं असतं. न बोलण्यात तिचा हातखंडा होता. माझ्यामागे याचं काय, हे तिने आजवर कुणालाही विचारलेलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल, याची तिला भीती होती. लेकीच्या घरी जाऊनही तिला दोन वर्षं झाली होती. झोळी नाही तिथे साईराज राहत नाही आणि साईराज नाही तिथे ती जात नाही, इतका सरळ हिशेब होता. जावई स्वरूप बोलवून बोलवून थकला होता.

नवा घोडा येण्याआधी जुने खड्डे मोकळे करायला हवे होते. साईराज जेवून पायरीवर बसला होता तेव्हा सत्यवतीने पहार आणली आणि पहिल्या पायाभोवतीची माती उकरायला घेतली. काँक्रीटचा गठ्ठा निघाला तो अगदी जसाच्या तसा, हरिश्चंद्रच्या हातच्या थापीचे वळ अजून त्याच्यावर होते. मधे जिथे पाइप असायला हवा तिथे भोक होतं. तिने बोट घातलं. ओला, तांबडा गाळ बोटाला लागला. तिने नकळत ते बोट जिभेला लावलं, मिठागरात पाणी चाखायला सासरा लावायचा तसं.

खारट.

आजूबाजूच्या टॉवरांच्या जागी मिठागर होतं तेव्हा हरिश्चंद्रने तिथे काम केलं होतं. मीठ ओढायला लाकडाचीच अवजारं लागतात, लोखंडाला मीठ खातं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. परसाच्या जागेवर कधीकाळी मिठागराचं पाणी असायचं. पुढे डबर-मातीची भरणी झाली, घर झालं, तुळस लागली, आणि मीठ गेलं असं सगळ्यांनीच धरून घेतलं. भिंतींना दर उन्हाळ्यात लोणा फुटायचा, पांढरा भुगा खाली पडायचा, तो ती झाडून टाकायची. सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी त्या जाणत्या माणसाने आपल्या हाताने चार लोखंडी पाय या मातीत गाडले, आणि तिने इतकी वर्षं वरून रंग दिला.

त्याने ते का केलं, हे तिला पाय गाडले त्या दिवशीही ठाऊक होतं. गाडलेलं कुणी उचलून नेत नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. तेच तिच्याही मनात होतं.

तिने हात धुतले, आत जाऊन विकीला फोन लावला.

"पाय गाडायचे न्हाय," ती म्हणाली. "मोकला कर. नटबोल्टवर."

"अच्छा हुआ मावशी, अजून कापले न्हाय," विकी म्हणाला. "खाली रबरचे बूट लावू का? परसात ठेवणार तर गरज न्हाय. घरात ठेवला तर टाइल खराब होते म्हणून विचारतोय."

सत्यवतीने दारातून पायरीवरच्या साईराजकडे बघितलं.

"हॅलो? मावशी?"

"लाव," ती म्हणाली.

नवा घोडा टेम्पोतून सुटा सुटा आला. नेत्रा त्या दिवशी सुट्टी घेऊन आली होती. सिमेंटची गोणी कुठे दिसेना म्हणून ती आईला विचारणार होती, तेवढ्यात तिला पायांचे काळे रबरी बूट दिसले. तिने एक बूट हातात घेतला, उलटा केला. मग परसातल्या मातीकडे आणि शेवटी आईकडे बघितलं.

"हे कशाला, आई? आपल्याकडे टाइल कुठाय?"

"पाना दे तो," सत्यवती म्हणाली.

विकीच्या माणसाने सांगाडा उभा करून दिला आणि तो गेला. नट मात्र सत्यवतीने स्वतः आवळायला घेतले. ती एक आवळायची आणि पुढचा नेत्राला आवळायला लावायची. समोरासमोरचे आधी, मग बाजूचे. एकच पुरा आवळून मोकळं व्हायचं नाही, सगळे थोडे थोडे. दर महिन्याला पाना फिरवून बघायचा. बेअरिंगला ग्रीस, जोडाच्या आतल्या बाजूला पहिला रंग, कारण गंज आधी तिथे धरतो. सत्यवती एवढं सलग लेकीशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. नेत्रा नुसती हूं हूं करत होती.

झोळी चढवली. साईराज जवळ आला, त्याने नव्या पाइपाला गाल लावून बघितला, वास घेतला. मग बूड टेकवलं, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. पहिला हेलकावा हळू, दुसरा मोठा, तिसरा त्याच्या नेहमीच्या जोराचा. घोडा जागचा हलला नाही. आवाजही नाही. सत्यवतीने मान वर करून दांडी बघितली.

मग ती म्हणाली, "तुमचे हॉलमदला पंखा काढावा लागंल. ही दांडी उंच हाय. पंखा लागंल तिला."

नेत्रा खाली वाकून शेवटचा नट बघत होती. तिने मान वर केली नाही.

"काढलाय," ती म्हणाली.

"कवा?"

"गणपतीच्या आधीच. स्वरूपनं भिंतीवरचा लावलाय. सोफापण दिला काढून."

गणपती म्हणजे घोडा मोडायच्या कितीतरी आधी. सत्यवतीने पाना खाली ठेवला. दुकानातलं आपलं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि ते ऐकूनही रोज संध्याकाळी येऊन भावाच्या पायांना तेल लावणारी ही पोर आठवली.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलू?" नेत्राचा आवाज चिरकला. "तू मेल्यावर साईला कुठं ठेवणार, ते तुझ्यासमोर बसून बोलू?"

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. झोळी येत होती, जात होती. साईराजचा हात बाहेर लोंबत होता, झोप लागल्याची खूण. सत्यवती पुढे झाली आणि तिने लेकीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, घट्ट, ती लहान होती तेव्हा धरायची तसं.

"तेच बोलायचं व्हतं," ती म्हणाली. "तेच ऐकायचं व्हतं मना."

नेत्रा रडत राहिली. सत्यवतीने तिला रडू दिलं.

"पुढच्या ऐतवारी टेम्पो सांग," मग ती म्हणाली. "घोडा तुझे घरी नेऊ. मी पन येते, चार दिस रायते. मी हाय तवर त्याला तुझे घराची सवय लागू दे."

नेत्राने नाक पुसलं, मान हलवली आणि आधीच घट्ट बसलेला नट पुन्हा एकदा आवळला.